देशव्यापी कलंकाला देशव्यापी कायदाच हवा

१२ ऑक्टोबर या तारखेला आपल्या दिनदर्शिकेत काही विशेष स्थान नाही. परंतु या देशातील कोट्यवधी भटक्या-विमुक्त बांधवांच्या इतिहासात ही तारीख दोनदा येते. १२ ऑक्टोबर १८७१ रोजी इंग्रज सरकारने 'गुन्हेगार जमाती कायदा' संमत केला आणि जगाच्या कायदेशास्त्रात क्वचितच आढळणारी गोष्ट हिंदुस्थानात रूढ केली. गुन्हा घडण्यापूर्वीच गुन्हेगार ठरविण्यात आला, आणि तोही जन्मावरून. त्यानंतर बरोबर १२२ वर्षांनी, १२ ऑक्टोबर १९९३ रोजी, स्वतंत्र भारतात राष्ट्रीय मानवाधिकार आयोग स्थापन झाला. पहिल्या घटनेमागे पोलीस होते, तुरुंग होते, तारेची कुंपणे होती. दुसऱ्या घटनेमागे केवळ शिफारस आहे. अन्याय करणाऱ्या कायद्याला दात आणि न्याय देणाऱ्या संस्थेला फक्त जीभ, हा विरोधाभास आपण किती काळ सहन करणार आहोत?

हा प्रश्न वाशीम जिल्ह्यातून विचारण्याला अर्थ आहे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी रामनवमीला येथे महाराष्ट्राबरोबरच तेलंगणा, आंध्र, कर्नाटक अशा अनेक प्रांतांतून समाज लोटतो. भाषा एक, देव एक, पेहराव एक, तांड्याचा नाईक आणि कारभारी यांची व्यवस्थाही एक. मात्र यात्रा संपवून हेच भाविक आपापल्या राज्यांत परतले की भारताचा कायदा त्यांना तीन वेगवेगळ्या नावांनी ओळखतो आणि तीन वेगवेगळ्या मापांनी संरक्षण देतो. राष्ट्र एक आहे असे आपण अभिमानाने म्हणतो. मग या राष्ट्रातील एका समाजाची प्रतिष्ठा राज्याच्या सीमेवर का बदलते?

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे लोकार्पण झाले. त्याच्या अवघ्या दोन दिवस आधी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जातिभेद घटनाबाह्य ठरविला आणि विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार समजणारी त्यांतील भाषा रद्द केली. म्हणजे स्वातंत्र्याच्या ७७ वर्षांनंतरही आपल्या तुरुंगांच्या पुस्तकांत इंग्रजांची शाई ओलीच होती. वारसा जपण्यासाठी वास्तू उभी राहिली, त्याचा आनंद आहेच. परंतु वारशाबरोबर आलेला कलंक पुसण्यासाठी जी वास्तू हवी ती दगड-विटांची नसून कायद्याची आहे, आणि ती संसदेनेच बांधावी लागेल.

पाठीवर धान्य, माथी गुन्हा

ज्यांना पुढे गुन्हेगार म्हटले गेले ते मुळात कोण होते? बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 'लदेणी' करणारा बंजारा हा या भूमीच्या व्यापाराचा कणा होता. रेल्वे नव्हती तेव्हा सैन्याच्या छावण्यांपर्यंत रसद पोहोचविण्याचे काम तांडे करीत. १६७५ साली दिल्लीत गुरू तेगबहादूरांचा शिरच्छेद झाल्यानंतर त्यांचा देह उचलून आणून, स्वतःच्या घराला आग लावून त्यावर अंत्यसंस्कार करणारा लखीशाह हा बंजाराच होता असे परंपरा सांगते. धर्मासाठी ज्याने घर जाळले त्याच्या वंशजांना दोनशे वर्षांनी परकीय सत्तेने चोर ठरवावे, यापेक्षा मोठी विटंबना कोणती?

कारण उघड होते. मिठावर सरकारी मक्तेदारी आली, रस्ते झाले, आगगाडी आली आणि लदेणीचा व्यापार बुडाला. फिरता माणूस करवसुलीला सापडत नाही, नोंदवहीत बसत नाही, म्हणून राज्यकर्त्याला तो नेहमीच संशयास्पद वाटतो. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, तर चोराचा मुलगा चोरच होणार, अशा अर्थाचे तर्कट त्या काळी इंग्रज अधिकाऱ्यांनी मांडले आणि त्यावर कायद्याचा इमला उभा केला. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या कायद्याने तो देशभर पसरला, बोटांचे ठसे घेणे आले, आणि १९२४ मध्ये तो अधिक कडक करून एकत्रित करण्यात आला. ठराविक वेळी पोलिसांपुढे हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडण्यास बंदी आणि 'सेटलमेंट' नावाची कुंपणबंद वसाहत. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या आत पिढ्या वाढल्या.

देश १५ ऑगस्ट १९४७ रोजी स्वतंत्र झाला. केंद्राने गुन्हेगार जमाती कायदा रद्द केला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. या बांधवांना आपल्याच देशात स्वातंत्र्यासाठी पाच वर्षे सोळा दिवस अधिक थांबावे लागले, म्हणून ते ३१ ऑगस्ट हा 'विमुक्त दिन' म्हणून पाळतात. परंतु कुंपण काढताना राज्यांनी दुसरा खुंटा ठोकलाच. 'सराईत गुन्हेगार' या नावाचे कायदे राज्याराज्यांत झाले. तत्कालीन मुंबई राज्याने असा कायदा १९५९ साली केला. जमात हा शब्द गेला, पण पोलीस ठाण्याच्या फिरतीचा रस्ता बदलला नाही. गावात चोरी झाली की पहिली धाड पालावर आणि बेड्यावरच पडत राहिली.

याच १९५९ साली मुंबई राज्याने भीक प्रतिबंधक कायदाही केला. त्यातील भिकेची व्याख्या वाचली की सुसंस्कृत मराठी मनाला धक्का बसतो. गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ दाखविणे या निमित्ताने सार्वजनिक ठिकाणी दान घेणे म्हणजेही भीक! ज्या वासुदेवाच्या टाळ-चिपळ्यांनी आपल्या आजी-आजोबांची पहाट झाली, ज्या नंदीबैलवाल्याला पाहायला आपण शाळेतून धावत आलो, तो पिंगळा, तो गोंधळी, तो नाथपंथी डवरी गोसावी, या सर्वांना या व्याख्येत ओढता येते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातील प्रमुख तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. दिल्लीत ज्या गोष्टीसाठी माणसाला अपराधी ठरविणे घटनाबाह्य आहे, तीच गोष्ट महाराष्ट्रात घटनासंमत कशी असू शकते?

एक नदी, तीन न्याय

पैनगंगा वाशीम जिल्ह्याला स्पर्शून पुढे जाते आणि खाली यवतमाळ आणि आदिलाबाद यांच्यामध्ये महाराष्ट्र-तेलंगणाची सीमा होते. नदीच्या अलीकडे तांडे आहेत, पलीकडेही तांडे आहेत. दोन्हीकडे सोयरिकी आहेत. पलीकडचा बंजारा, ज्याला तेथे लंबाडा म्हणतात, १९७६ च्या केंद्रीय कायद्यापासून अनुसूचित जमातीत आहे. कर्नाटकातील लंबाणी अनुसूचित जातीत आहे. महाराष्ट्रातील बंजारा राज्याच्या १४ विमुक्त जातींच्या यादीत आहे आणि केंद्राच्या दृष्टीने इतर मागासवर्गीय.

या वर्गवारीचा आरक्षणाशी जो संबंध आहे तो येथे बाजूला ठेवू. २०२५ च्या सप्टेंबरपासून हैदराबाद गॅझेटियरच्या निमित्ताने बंजारा समाजाची अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी आणि तिला आदिवासी बांधवांचा विरोध, असा वाद महाराष्ट्राने पाहिला. दोन वंचित समाजांनी एकमेकांसमोर उभे ठाकावे हे कोणाही समाजहितैषी माणसाला क्लेशदायक आहे. तो प्रश्न संबंधितांनी आपल्या मार्गाने सोडवावा. येथे मुद्दा नोकरीचा नाही, अब्रूचा आहे. शिक्षणातील जागेसाठी वाटेकरी असतात. मानाने जगण्याच्या हक्कात कोणाचा वाटा कमी होत नाही.

१९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण अनुसूचित जाती आणि जमातींनाच आहे. परिणामी आदिलाबादच्या तांड्यावर कोणी जातीवरून अपमान केला, वस्ती उठविली, स्त्रीची विटंबना केली, तर विशेष कायदा, विशेष न्यायालय, नुकसानभरपाई हे सर्व आहे. मानोऱ्याच्या तांड्यावर नेमका तोच प्रसंग ओढवला तर यांतील काही नाही. विसंगतीचे टोक पुढेच आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला या कायद्याचे संरक्षण ती देशात कोठेही असली तरी मिळते, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२३ साली दिला. निर्णय सर्वथा योग्य आहे. पण त्याचा अर्थ असा की, तेलंगणातून पोहरादेवीच्या यात्रेला आलेल्या पाहुण्याला वाशीम जिल्ह्यात जे संरक्षण आहे, ते त्याच्या शेजारी पंगतीला बसलेल्या यजमानाला त्याच्या स्वतःच्या गावी नाही! न्यायालयाने उपलब्ध कायद्याचा अर्थ लावला. कायद्यातील भोक बुजविणे हे न्यायालयाचे काम नाही, ते संसदेचे आहे.

कागद आहे, पण वाचणार कोण?

वाशीमहून मंगरुळपीरकडे जाताना रस्त्याकडेला उतरलेल्या एका पालापाशी थांबण्याचा योग मध्यंतरी आला. सोलापूरकडून भिक्षुकीसाठी आलेले कुटुंब होते. म्हाताऱ्याने न विचारताच प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून पुढे केले. आधार कार्ड, शिधापत्रिका आणि गावच्या सरपंचाचे पत्र. हा इसम आमच्या गावचा असून चांगल्या वर्तणुकीचा आहे. 'दादा, मी पोलीस नाही', असे सांगितल्यावर तो ओशाळला. 'सवय झाली साहेब,' म्हणाला. मग कागदांची घडी घालता घालता सहज बोलून गेला, 'कागद हाय, पण गर्दीला वाचता कुठं येतंय?'

त्याच्या बोलण्यामागे राईनपाडा होता. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुका. मुले पळविणारी टोळी आल्याची मोबाइलवरची अफवा. भिक्षा मागण्यासाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारले. ते मंगळवेढा परिसरातून आले होते. आपल्या महाराष्ट्रात, आपल्याच नाथपरंपरेचा वेश घेतलेल्या माणसांना, परका दिसतो म्हणून मरण आले. पुढे १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने पोलिसांच्या देखत हत्या केली. तेव्हा सारा देश हळहळला, आणि हळहळणे योग्यच होते. परंतु स्वतःला विचारून पाहू. गडचिंचले आपल्याला जितके आठवते तितका राईनपाडा आठवतो का? दोन्हीकडे बळी गेला तो फिरणाऱ्या माणसाचा, आणि दोन्हीकडे मूळ रोग एकच: अनोळखी फिरस्ता म्हणजे चोर. हा रोग १८७१ च्या कायद्याने दीडशे वर्षे जोपासला आहे.

राईनपाड्यानंतर सोळा दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांविरुद्ध स्वतंत्र कायद्याचा विचार करण्याची सूचना संसदेला केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तिचा अंशतः स्वीकार झाला. पाच किंवा अधिक जणांच्या गटाने वंश, जात, समुदाय, लिंग, जन्मस्थान, भाषा, व्यक्तिगत श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येस आता मृत्युदंड किंवा जन्मठेप आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे आणि राष्ट्रीय पातळीवर कायदा करता येतो याचा तो पुरावाही आहे. परंतु अफवेतून जमलेला जमाव यात सहज बसेल का? आरोपीचा वकील उभा राहून म्हणेल की, आम्ही जात पाहून मारले नाही, चोर समजून मारले. आणि 'चोर समजणे' हीच तर या समाजांवरची शतकानुशतकांची जातीय शिक्षा आहे, हे न्यायालयाला कोणत्या कलमाने दाखविणार?

'मानवाधिकार' हा शब्द कोणाचा?

आपल्या वर्तुळात 'मानवाधिकार' म्हटले की अनेकांच्या कपाळावर आठी उमटते. ती का उमटते हेही ठाऊक आहे. दहशतवाद्याच्या फाशीच्या वेळी जागे होणारे आणि सैनिकाच्या चितेपाशी झोपी जाणारे तथाकथित मानवाधिकारवाले आपण पाहिले आहेत. पण दुकानदार खोटा निघाला म्हणून धान्य टाकून द्यायचे नसते. ज्या समाजाने प्रत्येक जीवात ईश्वरी अंश पाहिला, त्याने माणसाच्या प्रतिष्ठेचा विषय इतरांच्या हाती सोपवून स्वतः तटस्थ राहावे, हे आपल्या परंपरेला शोभत नाही.

शिवाय या क्षेत्रात काम कोणी केले आहे? तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीत पारधी आणि अन्य भटक्या समाजांच्या मुलांसाठी उभा राहिलेला प्रकल्प सर्वांच्या परिचयाचा आहे. गिरीश प्रभुणे यांना २०२१ मध्ये आणि भिकूजी इदाते यांना २०२३ मध्ये 'पद्मश्री' मिळाली ती याच कार्यासाठी. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' यांनी हे जग मराठी वाचकाच्या घरात आणले. त्यांच्या विचारांशी मतभेद असू शकतील, त्यांनी मांडलेल्या वेदनेशी असण्याचे कारण नाही. सेवाकार्याला कायद्याची जोड नसेल तर काय होते, हे अशा कामातील प्रत्येक कार्यकर्ता जाणतो. मुलगा वसतिगृहात पाढे म्हणत असतो आणि त्याच रात्री बापाला संशयावरून उचलून नेलेले असते.

२००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने भारताला सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्यास सांगितले. बाहेरच्यांनी आपल्याला शहाणपण शिकवावे याचा राग येणे स्वाभाविक आहे. पण त्याच्या सात वर्षे आधी, २००० साली, आपल्याच राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने हेच सांगितले होते. तेव्हा आपण ऐकले असते तर जिनिव्हाला बोलण्याची संधीच मिळाली नसती. घरातला केर घरच्यांनी काढला तर शेजाऱ्याला नाक मुरडता येत नाही.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, राज्यघटनेत समता आणि जीवित-स्वातंत्र्याचे हक्क असताना वेगळ्या कायद्याची गरज काय? याचे उत्तर घटनेच्या इतिहासातच आहे. कलम १७ ने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली. तरीही १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा करावा लागला, आणि तो अपुरा पडला म्हणून १९८९ चा. घटना दिशा दाखविते, वाट कायद्याने बांधावी लागते.

दुसरा आक्षेप राज्यांच्या अधिकाराचा. पोलीस हा राज्याचा विषय, मग केंद्राने का पडावे? असा प्रश्न करणाऱ्यांनी घटनेची सातवी अनुसूची काढून समवर्ती सूचीतील १५ वी नोंद वाचावी. 'भटकेगिरी, भटक्या आणि स्थलांतर करणाऱ्या जमाती' हा विषय तेथे स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेला पहिल्या दिवसापासून आहे. फौजदारी कायदाही समवर्ती सूचीतच आहे. आणि कलम ३५ तर त्याही पुढे जाते. मूलभूत हक्कांच्या भागात जे गुन्हे म्हणून घोषित आहेत त्यांची शिक्षा ठरविण्याचा अधिकार घटनाकारांनी केवळ संसदेला दिला, राज्यांना मुद्दाम नाकारला. माणसाच्या मूलभूत प्रतिष्ठेचे माप प्रांतागणिक बदलू नये, हाच त्यामागचा हेतू होता. आज आपण जे मागतो आहोत ते घटनाकारांनी ठेवलेल्या दारातून आत जाण्याइतकेच आहे. शिवाय व्यवहाराचा विचार करा. राज्याचा कायदा सीमेवर थांबतो, तांडा थांबत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या घरचा आहे. जातीजातींसाठी वेगळे कायदे केले तर समाज अधिक विभागला जाईल. भावना प्रामाणिक आहे, परंतु तर्क उलटा आहे. समाज विभागला तो १८७१ च्या कायद्याने. काही समूहांना वेगळे काढून त्यांच्यावर शिक्का मारण्यात आला तेव्हाच भिंत उभी राहिली. ती पाडण्यासाठी भिंत कोठे आहे हे सांगावेच लागते. रोगाचे नाव न घेता औषध देणारा वैद्य आपण पाहिला आहे काय?

चौथा आक्षेप दुरुपयोगाचा. कोणता कायदा दुरुपयोगापासून मुक्त आहे? खोट्या फिर्यादीला शिक्षा ठेवा, तपासाला मुदत ठेवा. पण चोर कुलूप फोडतो म्हणून कोणी दार उघडे टाकत नाही.

पाचवा आक्षेप वाशीम-यवतमाळकडे हमखास ऐकू येतो. बंजारा समाजाला आता काय कमी आहे? शेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक ११ वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. आमदार-मंत्री आजही आहेत. खरे आहे, आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण एका घराण्याच्या वा काही व्यक्तींच्या कर्तृत्वाने समाजाला हक्क मिळतो असे नाही, हेच तर यातून सिद्ध होते. ज्या समाजाने राज्याला इतका दीर्घकाळ मुख्यमंत्री दिला त्याचीही कायद्यातील ओळख तीन राज्यांत तीन असेल, तर ज्यांचा एक ग्रामपंचायत सदस्यही नाही त्या पारधी, डवरी गोसावी, वैदू, नंदीवाले, गोपाळ यांचे काय? म्हणूनच संघटित असलेल्या बंजारा समाजाने या मागणीचा नगारा पोहरादेवीतून वाजवावा. तो असंघटितांपर्यंत ऐकू जाईल.

कपाटातले अहवाल

आयोग नेमले गेले नाहीत असे नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ साली अहवाल दिला आणि या समाजांची संख्या दहा कोटींच्या पुढे असल्याचा अंदाज मांडला. इदाते आयोगाने जानेवारी २०१८ मध्ये अहवाल दिला. देशात अशा दीड हजारांवर जमाती असून त्यांपैकी अडीचशेहून अधिक जमाती अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्ग यांपैकी कोणत्याच यादीत नाहीत, हे त्यातून पुढे आले. कायमस्वरूपी आयोग, अत्याचारविरोधी संरक्षण आणि सराईत गुन्हेगार कायद्यांचे उच्चाटन या शिफारशी त्यात होत्या. २०१९ मध्ये विकास आणि कल्याण मंडळ आले. कायद्याने स्थापित कायम आयोग आला नाही. २०२२ मध्ये 'सीड' योजना आली, पाच वर्षांसाठी २०० कोटी रुपयांची. दहा कोटींनी सरळ भागाकार केला तर माणशी वीस रुपये, तेही पाच वर्षांचे! एक अहवाल काँग्रेस आघाडीच्या काळात आला, दुसरा भाजप आघाडीच्या काळात. कपाटाला पक्ष नसतो, धूळ दोन्हींवर सारखीच बसते. सरकार आपल्या विचारांचे आहे म्हणून मागणी मवाळ करणे हा त्या विचारांशीच द्रोह ठरेल.

मानवाधिकार आयोगाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. १९९३ च्या कायद्याने त्याच्या निष्कर्षांना आदेशाचे बळ दिलेले नाही. घटनेला एक वर्ष उलटले की आयोगाला चौकशी करता येत नाही. जो माणूस वर्षातले आठ महिने फिरतीवर असतो, ज्याला तक्रार कोठे करायची हेच ठाऊक नसते, त्याच्यासाठी ही एक वर्षाची मुदत म्हणजे बंद दार होय.

कायद्यात काय असावे?

मागणी मोघम असू नये, म्हणून नेमके सांगितले पाहिजे. संसदेने भटक्या-विमुक्तांच्या मानवी हक्कांच्या संरक्षणासाठी एकच केंद्रीय कायदा करावा. राज्यांचे सराईत गुन्हेगार कायदे त्याने निष्प्रभ करावेत. समवर्ती सूचीतील विषयात संसदेचा कायदा वरचढ ठरतो, हे कलम २५४ सांगतेच. ज्या विमुक्त जमाती १९८९ च्या कायद्याच्या छत्राबाहेर आहेत त्यांना, त्यांची आरक्षणाची वर्गवारी न बदलता, तशाच स्वरूपाचे अत्याचारविरोधी संरक्षण द्यावे. फिरत्या समाजाच्या माणसाला 'चोर समजून' मारणे हा स्वतंत्र, गंभीर गुन्हा ठरवावा. परंपरागत लोककलेवर उपजीविका करणाऱ्यास भीक प्रतिबंधक कायद्यातून पूर्णतः वगळावे.

पोलीस ठाण्यातील 'चॅप्टर केस' हे हत्यार नागरिक सुरक्षा संहितेच्या १२८ आणि १२९ व्या कलमांत आजही आहे. ते केवळ जमातीच्या नावावरून उगारले गेल्यास अधिकाऱ्यावर व्यक्तिगत जबाबदारी यावी. ओळखपत्र आणि जातीचा दाखला एका राज्यात मिळाला की देशभर ओळख म्हणून ग्राह्य धरावा. आणि या सर्वांवर देखरेख करणारा, आदेश देऊ शकणारा, कायम आयोग असावा. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून होणाऱ्या जनगणनेत जातींची नोंद होणार आहे. त्या वेळी पालावरचा प्रत्येक माणूस मोजला जावा. ज्याची गणनाच नाही त्याच्या हक्कांची गणना कोण करणार?

यातील एकही मागणी कोणाच्या ताटातील घास काढून घेणारी नाही. यासाठी मोठा निधी लागत नाही, घटनादुरुस्ती लागत नाही. लागते ती इच्छाशक्ती. आणि ती निर्माण करणे हे आपले, वाचकांचे आणि कार्यकर्त्यांचे काम आहे. वाशीम-यवतमाळच्या खासदारांना, आपापल्या भागाच्या लोकप्रतिनिधींना प्रत्येक शाखेने, प्रत्येक मंडळाने, प्रत्येक वाचक-कुटुंबाने पत्र लिहावे. येत्या ३१ ऑगस्टला विमुक्त दिनी आपल्या गावाजवळच्या पालावर, तांड्यावर, बेड्यावर जावे. भाषण करण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी.

आणि एक आणखी करावे. उद्या सकाळी दारात वासुदेव आला, नंदीबैल आला, डवरी गोसावी आला, तर दार लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे. आपल्या मनात आधी काय येते, धान्याचे सूप की कडी-कोयंडा? संसदेचा कायदा दिल्लीत होईल, पण १८७१ चा कायदा अजून आपल्या उंबरठ्यावर जिवंत आहे की नाही, याची साक्ष त्या एका क्षणातच मिळेल. तो तेथून हद्दपार करणे आपल्या हाती आहे; तो कायदेपुस्तकातून हद्दपार करणे संसदेच्या. दोन्ही कामे एकाच वेळी सुरू झाली, तरच पिशवीतले कागद दाखवीत फिरणाऱ्या त्या म्हाताऱ्याला एक दिवस मोकळ्या हातांनी चालता येईल.